इंग्लंडमधल्या जमीनदार घराण्याची वंशावळ: सुरुवात कुठून करायची

हा नाद आपल्या लोकांना दोन वाटांनी लागतो. इंग्लंडात राहायला आलेल्याला गावाच्या कडेला जुना वाडा दिसतो, चर्चच्या भिंतीवर एकाच आडनावाच्या आठ-दहा पाट्या दिसतात आणि हे कोण लोक होते असा किडा डोक्यात शिरतो. दुसरी वाट मुंबई-पुण्याहून निघते. कंपनी सरकारच्या काळातल्या एखाद्या कलेक्टरवर किंवा लष्करी अधिकाऱ्यावर लिहायचं असतं, आणि तो ‘अमुक काउंटीतल्या तमुक यांचा तिसरा मुलगा’ यापलीकडे काही कळलेलं नसतं. मी पहिल्या वाटेने आलो. पण पुढची पायपीट दोघांना सारखीच आहे.

लँडेड जेंट्री म्हणजे कोण, हे आधी पक्कं करून घ्या. ड्यूक, अर्ल, बॅरन ही उमरावांची उतरंड. त्यांच्या वंशावळी बऱ्याच तपासलेल्या मिळतात, कारण हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या जागेसाठी वारसाहक्क सिद्ध करावा लागायचा. जेंट्री त्यांच्या खालची: बॅरोनेट, ‘सर’ किताब मिळालेले, एस्क्वायर आणि नुसतेच ‘जंटलमन’. स्वतः नांगराला हात न लावता कुळांच्या खंडावर जगणारी घराणी. यातलं बॅरोनेटपद १६११ मध्ये पहिल्या जेम्स राजाने सुरू केलं. ते बापाकडून मुलाकडे जातं, पण बॅरोनेट म्हणजे लॉर्ड नव्हे. ही गल्लत केलीत तर चुकीच्या ग्रंथात शोधत बसाल.

उदाहरणासाठी मी बहुतेक ठिकाणी एकच घराणं धरलं आहे: हॅम्पशरमधल्या चॉटन गावचे नाइट. जेन ऑस्टिनचा भाऊ एडवर्ड याच घराण्यात दत्तक गेला. कागद भरपूर उरले आहेत आणि नवख्याला ठेच लागेल असे जवळजवळ सगळे दगड त्यांच्या वाटेवर आहेत.

सगळ्या लेखाचं सूत्र आत्ताच सांगतो: माणसांच्या मागे लागू नका, जमिनीच्या मागे लागा. वंशावळ लिहून घेणाऱ्याला फुशारकी मारायचं कारण असतं. गहाणखत लिहिणाऱ्या वकिलाला ते नसतं.

जवळ काय असावं

- फॅमिलीसर्च या वंशावळ-शोधाच्या संकेतस्थळाचं खातं. फुकट आहे. अ‍ॅन्सेस्ट्री किंवा फाइंडमायपास्ट या तशाच संकेतस्थळांची वर्गणी लगेच भरू नका. इंग्लंडातल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत ती तिथे बसून फुकट वापरता येतात.
- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. लंडनमधल्या क्यू भागातलं नॅशनल अर्काइव्ह्ज (सरकारी अभिलेखागार) असो की एखाद्या काउंटीचं स्वतःचं रेकॉर्ड ऑफिस, मूळ कागद पाहायला वाचकाचं कार्ड काढावं लागतं.
- पेन्सिल. अभिलेखागारात शाई चालत नाही.
- फोटो काढता येईल असा फोन. आधी परवानगी विचारा, काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे पडतात.
- त्या भागाचा जुना ऑर्डनन्स सर्व्हे नकाशा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने नकाशे फुकट पाहता येतात.

१. एक माणूस, एक गाव, एक साल

‘नाइट घराणं शोधायचंय’ असं म्हणून निघू नका. इंग्लंडात नाइट आडनावाचे हजारो लोक आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. ‘१८१२ मध्ये चॉटनचा मालक असलेला एडवर्ड नाइट’ असं म्हणा. नाव, जागा आणि काळ हे तिन्ही हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. यातलं गाव सगळ्यात महत्त्वाचं, कारण जमीन जागची हलत नाही.

पहिला सापळाही इथेच आहे. आडनाव टाइप केलं की ‘तुमच्या घराण्याचं मानचिन्ह’ छापलेला कप विकणारी दुकानं समोर येतात. इंग्लंडात ढालीवरचं चिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळतं. कपावर चहा प्या, पुरावा म्हणून धरू नका.

नेटवरच्या तयार वंशवृक्षांबद्दलही तेच. पाचव्या मिनिटाला तुम्ही १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम द काँकररच्या सरदारापर्यंत पोचलात, तर वाटेत कुठेतरी कुणीतरी उडी मारलेली आहे.

२. अलीकडचं आधी उरका

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या ऑनलाइन सूचीत जन्माच्या नोंदीपुढे आईचं माहेरचं आडनाव थेट १८३७ पासून दिलेलं आहे. ते पाहिल्याशिवाय दाखल्याचे पैसे भरू नका.

जनगणना १८४१ ते १९२१ पर्यंतच्या पाहता येतात. १९३१ ची आगीत जळाली, १९४१ ची झालीच नाही, त्या खड्ड्यावर १९३९ च्या रजिस्टरचा, म्हणजे युद्धाच्या सुरुवातीला सरकारने केलेल्या नागरिकांच्या नोंदीचा, पूल आहे. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची असं गणकांना सांगितलं होतं, त्यामुळे ‘३५’ म्हणजे ३९ सुद्धा असू शकतं. जमीनदारांच्या बाबतीत आणखी एक गंमत: वाड्यात बटलर, स्वयंपाकीण आणि चार मोलकरणी सापडतात, मालकाचा पत्ता नसतो. घराणं नामशेष झालं असं समजू नका. मंडळी लंडनच्या घरी किंवा समुद्रकाठी असतील, तिथे शोधा.

३. छापील वंशावळ वाचा, पण पेन्सिलीने

आता तुमच्या हातात बर्कचा जाडजूड ग्रंथ येईल. जॉन बर्कने १८२६ मध्ये उमरावांचा कोश काढला आणि १८३३ ते १८३८ या काळात किताब नसलेल्या जमीनदारांचा. हा दुसराच पुढे ‘लँडेड जेंट्री’ या नावाने आवृत्तीमागून आवृत्ती निघत राहिला. जुन्या आवृत्त्या इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात.

यातली माहिती बहुतेक वेळा त्या घराण्यानेच पुरवलेली असायची. माहिती देणाऱ्याला स्वतःचे आजोबा-पणजोबा नीट ठाऊक असत, म्हणून तेवढा भाग बऱ्यापैकी भरवशाचा. त्याच्या मागे गेलात की हवा भरायला लागते. एडवर्ड फ्रीमन आणि पुढे होरेस राउंड या इतिहासकारांनी बर्कच्या जुन्या पिढ्यांची अक्षरशः चिरफाड केली.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण स्पेन्सरांचं, म्हणजे राजकुमारी डायनाच्या माहेरचं. १५०८ मध्ये नॉर्थहॅम्प्टनशरमधलं ऑलथॉर्प विकत घेणारा जॉन स्पेन्सर हा वॉरिकशरचा मेंढ्यांचा बडा व्यापारी. लोकरीचा पैसा रग्गड होता, कुळ मोठं नव्हतं. सोळाव्या शतकाच्या शेवटी रिचर्ड ली नावाच्या हेरल्डने, म्हणजे मानचिन्हं आणि वंशावळी तपासणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्याने, या घराण्याला मध्ययुगातल्या डेस्पेन्सर सरदारांशी जोडणारी वंशावळ बनवून दिली. ती तीनशे वर्षं खपली. राउंडने मूळ कागद समोर ठेवून दाखवलं की वेगवेगळ्या माणसांना ओढूनताणून एका ओळीत बसवलं होतं. लक्षात घ्या, ही बनवाबनवी कुणा भुरट्याची नव्हे, सरकारी शिक्का असलेल्या अधिकाऱ्याची होती.

म्हणून बर्क वाचताना मी समासात प्रश्नचिन्हं काढत जातो. बायकोचं नाव नाही आणि एकही साल नाही अशा तीन पिढ्या लागोपाठ आल्या, की प्रश्नचिन्ह. मुलगा झाला तेव्हा बाप नऊ वर्षांचा ठरत असेल, तर प्रश्नचिन्ह. मूळ पुरुष हेस्टिंग्जच्या लढाईत विल्यमबरोबर होता म्हणतात, तर दोन प्रश्नचिन्हं. १०६६ च्या त्या लढाईत हजर असल्याचा खात्रीचा पुरावा ज्यांच्याबद्दल आहे अशी नावं जेमतेम वीसेक आहेत.

काय गाळलंय तेही पाहा. लहानपणी गेलेली मुलं, दुकानदाराच्या घरातली पहिली बायको, लग्नाबाहेरची संतती, दिवाळं काढलेला काका हे सगळे छपाईच्या आधी गळतात. एकाच घराण्याच्या दोन-तीन आवृत्त्या शेजारी ठेवा. नव्या आवृत्तीत मूळ पुरुष गुपचूप दोनशे वर्षं अलीकडे सरकलेला दिसला, तर कुणीतरी तपासणी केली होती असं समजा.

४. पॅरिशच्या वह्या

१८३७ च्या मागे चर्चच्या नोंदी: बाप्तिस्मा, लग्न, दफन. थॉमस क्रॉमवेलने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीला, वही ठेवायचा हुकूम काढला. १५९८ मध्ये जुन्या कागदी नोंदी चर्मपत्रावर उतरवून घ्यायला लावलं आणि दरवर्षीची नक्कल बिशपकडे पाठवायची ठरली. मूळ वही उंदरांनी खाल्ली असेल तर ही बिशपकडची नक्कल मागा. १६४२ ते १६६० या यादवी युद्धाच्या आणि (दुसऱ्या, ऑलिव्हर) क्रॉमवेलशाहीच्या काळात पुष्कळ वह्यांत भगदाड आहे, तिथे डोकं आपटू नका. १७५४ पासून लग्नाच्या नोंदीवर सह्या येतात, १८१३ पासून छापील तक्ते.

आता सालाचा घोळ. १७५२ पर्यंत इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. २४ मार्च १७०० च्या दुसऱ्या दिवशी २५ मार्च १७०१. म्हणजे वहीत ‘१० फेब्रुवारी १७११’ असेल तर ते आपल्या हिशेबाने १७१२. हे न कळल्यामुळे मे महिन्यात लग्न आणि त्याच सालच्या फेब्रुवारीत बाळ, असं दिसतं आणि लोक नसती कुजबुज करतात. वंशावळीत अशी तारीख १७११/१२ अशीच लिहा.

जमीनदारांच्या सवयी वेगळ्या, म्हणून शोधही वेगळा. पहिलं बाळंतपण अनेकदा बाईच्या माहेरी, तेव्हा थोरल्याचा बाप्तिस्मा आजोळच्या पॅरिशमध्ये पाहा. लग्न बिशपच्या परवान्यावर, कारण तीन रविवार चर्चमध्ये आपलं नाव पुकारून घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्या परवान्यासाठी केलेला अर्ज आणि जामीनखत बरेचदा उरतं आणि त्यात वय, गाव, कधी बापाचं नाव मिळतं. मरण बाथ किंवा लंडनमध्ये, पण पुरायला गावच्या चर्चच्या तळघरात.

एक गोष्ट मात्र शेतकऱ्यापासून जमीनदारापर्यंत सारखी: मेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला देत. ‘थॉमस’चा बाप्तिस्मा सापडला की लगेच पुढच्या दहा वर्षांची दफनं चाळा. हा थॉमस चार महिन्यांचा गेलेला असू शकतो आणि तुमचा थॉमस त्याच्यानंतरचा.

५. मृत्युपत्रं

१२ जानेवारी १८५८ पासून मृत्युपत्रं सरकारी प्रोबेट (मृत्युपत्र खरं ठरवणाऱ्या) यंत्रणेकडे आहेत आणि त्यांची वर्षवार सूची ऑनलाइन आहे. त्याआधी हे काम चर्चच्या न्यायालयांचं. जमीनदारासाठी आधी कँटरबरीच्या प्रिरॉगेटिव्ह कोर्टात पाहा. एकापेक्षा जास्त बिशपांच्या हद्दीत मालमत्ता असेल तर मृत्युपत्र तिथे जायचं. १३८४ ते १८५८ पर्यंतच्या या नोंदी नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये प्रोब ११ या क्रमांकाखाली आहेत आणि ऑनलाइन शोधता येतात. हिंदुस्थानात मेलेल्या पुष्कळ इंग्रजांची मृत्युपत्रंही इथेच आहेत. उत्तरेकडच्या काउंट्यांसाठी यॉर्कचं न्यायालय, त्याचे कागद यॉर्कच्या बोर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये.

वाचताना दोन गोष्टींची काळजी घ्या. थोरल्या मुलाचं नाव नाही किंवा त्याला एक अंगठी देऊन मोकळं केलंय म्हणून बापलेकांचं बिनसलं होतं असा निष्कर्ष काढू नका. जमीन लग्नाच्या वेळच्या करारानेच त्याच्या नावावर ठरलेली असे, मृत्युपत्रात उरलेल्यांची सोय लावायची. दुसरं, सतराव्या-अठराव्या शतकातला ‘कझिन’ हा पुतण्या, भाचा, कोणीही असू शकतो, ‘ब्रदर’ मेहुणा असू शकतो आणि ‘सन-इन-लॉ’ चक्क सावत्र मुलगा. नातं लिहिताना कागदातला शब्द जसाच्या तसा उतरवा, अर्थ नंतर लावा.

६. जमीन

खरी वंशावळ इथे आहे. गावाकडे वारसाच्या फेरफारासाठी तलाठ्याकडे हेलपाटे घातलेल्याला हे समजावून सांगायला नको. सात पिढ्यांचा पोवाडा एकीकडे आणि कोण कधी वारलं, मागे कोण कोण उरलं हे सांगणारी फेरफाराची चार ओळींची नोंद एकीकडे. इंग्लंडात असा एकच सरकारी उतारा नाही. तिथे तो कागदांच्या ढिगातून आपण जुळवायचा.

सुरुवात व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरीने करा. १८९९ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात गावागणिक प्रत्येक मॅनर (जमीनदाराची जहागीर) कुणाकडून कुणाकडे गेली ते तळटीपांसकट दिलेलं आहे. हॅम्पशरचे खंड पूर्ण आहेत, सगळ्या काउंट्यांचे नाहीत. बरेचसे खंड ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइनवर फुकट आहेत. मजकुरापेक्षा तळटीपा महत्त्वाच्या. तुम्हाला हवे असलेले कागद क्रमांकानिशी तिथे नोंदलेले असतात.

मग नॅशनल अर्काइव्ह्जच्या डिस्कव्हरी सूचीत गावाचं नाव टाका. आडनावाने शोधलंत तर निम्मे कागद निसटतात. याच ठिकाणी मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टर आहे, कोणत्या मॅनरचे कागद आज कुठे आहेत ते त्यात कळतं. एका घराण्याचे कागद दोन-तीन काउंट्यांत विखुरलेले असणं नेहमीचंच. नाइटांची जमीन हॅम्पशरमध्ये चॉटनला होती तशी केंटमध्ये गॉडमर्शमला. या दोन काउंट्यांची रेकॉर्ड ऑफिसं विंचेस्टर आणि मेडस्टनला आहेत, म्हणजे दोन्हीकडे एकेक चक्कर ठरलेली.

सगळ्यात आधी मागायचा कागद म्हणजे विवाह-सेटलमेंट. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून थोरल्याच्या लग्नात बाप, मुलगा आणि सासरा मिळून एक करार करत. मुलाला जमीन फक्त हयातीपुरती, मग ती त्याच्या पोटी येणाऱ्या थोरल्या मुलाला. कुणी एकाने उधळपट्टी करून विकू नये म्हणून हा बंदोबस्त. शिवाय नवरीने आणलेली रक्कम, ती विधवा झाली तर तिला वर्षाला काय मिळेल, धाकट्या मुलामुलींना किती, सगळं आकड्यांत. ज्या बायका बर्कमध्ये ‘आणि तीन मुली’ एवढ्यात संपतात, त्यांची नावं, नवरे आणि पैसे इथे सापडतात.

हा कागद पहिल्यांदा हातात आला की छाती दडपते. कधीकधी टेबलाएवढं चर्मपत्र, घड्या इतक्या ताठ की कोपऱ्यांवर वाळूच्या वजनपिशव्या ठेवाव्या लागतात. वरची कड नागमोडी कापलेली, खाली पट्ट्यांना लटकणारे लाखेचे तुकडे, आणि मधे विरामचिन्हं नसलेलं एकच लांबलचक वाक्य. ते सलग वाचू नका. पहिल्या दोन-तीन ओळींत तारीख आणि पक्षकार असतात, ते उतरवा. मग ठळक अक्षरातला ‘व्हेअरअ‍ॅज’ शोधा. तिथून मागच्या व्यवहारांचा इतिहास सुरू होतो: अमुक साली अमुकच्या आजोबांनी केलेल्या करारान्वये वगैरे. वंशावळीच्या दृष्टीने सोनं तेवढंच. उरलेला मजकूर साच्यातला.

तारीख बरेचदा राजाच्या कारकिर्दीच्या वर्षात असते. ‘राणी अ‍ॅनचं पाचवं वर्ष’ म्हणजे ८ मार्च १७०६ ते ७ मार्च १७०७. दुसऱ्या चार्ल्सची गोष्ट न्यारी. तो गादीवर आला १६६० मध्ये, पण वर्षं मोजतात बापाचा शिरच्छेद झाला त्या १६४९ पासून. ‘चार्ल्स दुसरा, वर्ष १२’ म्हणजे १६६०. तक्ते नेटवर मिळतात, तोंडी हिशेब करू नका.

आता दोन कागद, जे जे दिसतं ते नसतं अशा जातीचे.

पहिला ‘लीज अँड रिलीज’. दोन दस्त, एकमेकांत गुंडाळलेले, तारखा लागोपाठच्या दिवसांच्या. पहिल्यात पाच शिलिंगांत वर्षभराचा भाडेपट्टा. नवखा माणूस लिहून घेतो: ‘जमीन भाड्याने दिली.’ प्रत्यक्षात तो विक्री उघडपणे करायची टाळण्यासाठी वकिलांनी काढलेला मार्ग. खरा व्यवहार दुसऱ्या दिवशीच्या दस्तात.

दुसरा ‘कॉमन रिकव्हरी’. यात कुणी तिऱ्हाईत जमिनीवर दावा लावतो, मालक हरतो, जमीन जाते. सगळं नाटक. वारसाला बांधून ठेवलेली जमीन मोकळी करायला असा लुटुपुटीचा खटला लढवत. १८३३ मध्ये ही पद्धत बंद झाली. आणि नाटक नीट वठलं नाही तर? तेच चॉटनला झालं. १८१४ मध्ये हिंटन आणि बॅव्हरस्टॉक या स्थानिक मंडळींनी एडवर्ड नाइटवर दावा लावला. रक्ताच्या नात्याने वारस आम्ही आहोत आणि जमीन मोकळी करणाऱ्या जुन्या दस्तात खोट आहे, असं त्यांचं म्हणणं. एडवर्डने १८१८ मध्ये १५,००० पौंड देऊन प्रकरण मिटवलं आणि त्यासाठी चॉटनच्या जंगलातली झाडं तोडून विकली. तो भुर्दंड एडवर्डला पडला. आपला फायदा असा की असे दावे लढवताना दोन्ही बाजू आपापली वंशावळ कोर्टात मांडतात आणि प्रतिपक्ष तिच्यातली भोकं दाखवतो. म्हणून अशा जमीन-वारशाच्या भांडणांच्या चान्सरी कोर्टाचे खटले अवश्य शोधा.

१६४० च्या मागे जायचं असेल तर इंक्विझिशन पोस्ट मॉर्टेम. राजाकडून थेट जमीन धारण करणारा मेला की पंच बसत आणि कुठे किती जमीन, मृत्यूची तारीख, वारस कोण, त्याचं वय किती हे लिहून देत. लॅटिनमध्ये आहेत, पण साचा ठरलेला. वय ‘२१ वर्षं आणि अधिक’ असं असेल तर त्याचा अर्थ फक्त ‘सज्ञान’. बऱ्याच न्यायालयांचे औपचारिक कागद १७३३ पर्यंत, मधली क्रॉमवेलची काही वर्षं सोडली तर, लॅटिनमध्येच असत. नॅशनल अर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर जुनं हस्ताक्षर आणि लॅटिन शिकवणारे फुकट धडे आहेत. दोन आठवडे रोज थोडं केलंत तर सोळाव्या शतकातलं मृत्युपत्र अडखळत का होईना वाचता येतं. शब्दाच्या सुरुवातीला दोन एफ दिसले तर तो मोठ्या लिपीतला एकच एफ, एवढं आत्ताच लक्षात ठेवा.

७. आडनाव बदलतं, जमीन तीच राहते

वंशावळ तुटली असं वाटतं ते बहुधा इथे. जमीन देताना ‘आमचं आडनाव आणि चिन्ह घेतलंस तरच’ अशी अट घालत.

चॉटनचंच पाहा. सर रिचर्ड नाइट १६७९ मध्ये निपुत्रिक वारले. जमीन मार्टिन आडनावाच्या नातलगांकडे गेली, ते नाइट झाले. त्यांच्यातली शेवटची एलिझाबेथ. तिने दोनदा लग्न केलं आणि दोन्ही नवऱ्यांना नाइट व्हावं लागलं. ती १७३७ मध्ये वारली आणि जमीन केंटच्या थॉमस ब्रॉडनॅक्सकडे आली. हे गृहस्थ आधीच एका वारशापायी १७२७ मध्ये ब्रॉडनॅक्सचे मे झाले होते, १७३८ मध्ये मेचे नाइट झाले. दर वेळी पार्लमेंटचा कायदा करून. ‘या माणसाला हवं ते नाव लावायची एकदाच मुभा देऊन टाका’ असं एक खासदार वैतागून म्हणाला, असा किस्सा सांगतात. त्यांच्या मुलाला मूल नव्हतं, म्हणून एडवर्ड ऑस्टिन आला आणि १८१२ मध्ये मुलाबाळांसकट नाइट झाला. त्याच्या मुलीने, फॅनीने, डायरीत यावर भरपूर उद्गारचिन्हं खर्च केली आहेत.

नुसत्या आडनावाने शोधणाऱ्याला हे सगळं एक सरळ ‘नाइट’ घराणं वाटेल.

असा बदल राजाच्या परवान्याने, खासगी कायद्याने किंवा नुसताच वापराने होई. परवान्याची जाहिरात ‘लंडन गॅझेट’मध्ये येत असे आणि गॅझेट ऑनलाइन फुकट शोधता येतं. आपल्या वाचकाला एक गोष्ट मुद्दाम सांगतो: दत्तकपत्र शोधू नका. इंग्लंडात कायदेशीर दत्तक १९२६ च्या कायद्याने आलं. त्याआधी ‘दत्तक’ म्हणजे मृत्युपत्र, सेटलमेंट आणि आडनाव, एवढंच.

८. ढाली

१५३० ते १६८८ च्या सुमारापर्यंत राजाचे हेरल्ड काउंटी-काउंटीत फिरून कुणाला चिन्ह लावायचा हक्क आहे ते तपासत आणि वंशावळ लिहून घेत. याला व्हिजिटेशन म्हणतात. मूळ वह्या लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्समध्ये आहेत, तिथला शोध पैसे देऊन करून घ्यावा लागतो. हार्लियन सोसायटीने १८६९ पासून पुष्कळ व्हिजिटेशनं छापली, पण बरीचशी नकलांवरून, आणि त्यांत मागाहून कुणीकुणी भर घातलेली आहे. सांगणाऱ्याच्या आजोबांपर्यंत विश्वास ठेवा. रिचर्ड ली आठवत असेलच.

चर्चमध्ये टोकावर उभी केलेली काळी चौकट दिसली तर थांबा. तो हॅचमेंट, घरात मृत्यू झाला की दारावर लावायचा फलक. ढाल उभी दुभागलेली असते: आपल्या डाव्या हाताला नवऱ्याचं चिन्ह, उजव्या हाताला बायकोच्या माहेरचं. मागची पार्श्वभूमी पाहा. डावी बाजू काळी आणि उजवी पांढरी असेल तर नवरा गेला, बायको मागे राहिली. उलट असेल तर बायको गेली. पूर्ण काळी असेल तर मागे जोडीदार उरला नव्हता. फलकावर नाव नसतं, पण दोन्ही चिन्हं ओळखता आली की कोणतं लग्न ते कळतं, आणि दफनाच्या वहीवरून कोणती पिढी ते.

९. धाकटे मुलगे आणि हिंदुस्थान

जमीन थोरल्याला, मग बाकीचे काय करणार? चर्च, वकिली, लष्कर, आरमार, लंडनच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी आणि ईस्ट इंडिया कंपनी. पाद्र्यांसाठी १५४० ते १८३५ चा ऑनलाइन कोश आहे, ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या छापील याद्यांत बापाचं नाव आणि गाव मिळतं, खासदार असेल तर हिस्टरी ऑफ पार्लमेंटचं संकेतस्थळ.

कंपनीचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये. हिंदुस्थानातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नकला लंडनला पाठवत. मुंबई इलाख्याच्या नकला एन/३ या क्रमांकाखाली आहेत, बंगालच्या एन/१ आणि मद्रासच्या एन/२. फाइंडमायपास्टवर त्या शोधता येतात. लष्करात येणाऱ्या पोराचे कॅडेट पेपर्स एल/एमआयएल/९ मध्ये, मुलकी नोकरीचे अर्ज जे/१ मध्ये. दोन्हींत बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असतो. म्हणजे मुंबईच्या फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथीड्रलच्या भिंतीवर नाव वाचून निघालेला माणूस या एका कागदावरून थेट इंग्लंडातल्या पॅरिशपर्यंत पोचतो. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची सूची फुकट आहे, आधी ती चाळा.

मुलीही आल्या. एडवर्ड नाइटची सख्खी आत्या फिलाडेल्फिया ऑस्टिन १७५२ मध्ये जहाजात बसली आणि हिंदुस्थानात कंपनीच्या सर्जनशी तिचं लग्न झालं. इंग्लंडच्या वह्यांत एखादी मुलगी विशीनंतर गायब झाली, लग्न नाही, दफन नाही, तर तिला या नकलांत शोधून पाहा.

१०. रेकॉर्ड ऑफिसला लिहिताना

जायच्या आधी ईमेल करा. बरेच कागद इमारतीबाहेरच्या गोदामात असतात आणि ते आणायला दिवस लागतात. ‘या घराण्याची सगळी माहिती पाठवा’ असं लिहिलंत तर नम्र नकार येतो. गाव, काळाची मर्यादा, सूचीतला कागदाचा पूर्ण क्रमांक आणि नेमका प्रश्न, एवढं लिहा. भारतात बसून काम करत असाल तर त्यांची सशुल्क शोधसेवा तासावर मिळते. आधी एकच तास मागवा आणि त्यात विवाह-सेटलमेंटच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो मागा.

प्रत्येक फोटोच्या नावात कागदाचा क्रमांक घाला, त्याच दिवशी. आणि घराण्याची हयात शाखा सापडली, तर पहिल्याच पत्रात त्यांच्या मूळ पुरुषाला खोटं ठरवू नका. माळ्यावरची पेटी उघडायची की नाही हे अजून त्यांच्याच हातात आहे.